मालमोटारीतील माल आणि शेतकऱ्याची पावती

नंदुरबार जिल्ह्यातील शेतकऱ्यास आपल्या पिकाच्या शत्रूंची ओळख उत्तम आहे. मिरचीवरील चुरडा-मुरडा, कापसावरील बोंडअळी, पपईवरील मोझॅक, अवकाळी पाऊस आणि गारपीट यांच्याशी तो वर्षभर झगडतो. परंतु माल तयार होऊन गाडीत भरला गेला, ताडपत्रीचा दोर आवळला गेला आणि गाडी हमरस्त्यास लागली, म्हणजे आपले काम झाले असे तो मानतो. वास्तविक पाहता त्या क्षणी त्याची वर्षाची कमाई एका अनोळखी माणसाच्या हाती गेलेली असते, आणि ती परत मागण्याचा हक्क सिद्ध करणारा कागद बहुधा त्याच्या खिशात नसतो. या कागदाविषयी आणि त्यामागील कायद्याविषयी चार गोष्टी वाचकांपुढे मांडाव्या, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

पूर्वी माल बैलगाडीने बाजारात जात असे. गाडीवान गावचाच, त्याचे घर, त्याचे बैल, त्याचे भाऊबंद सर्वांस ठाऊक असत. पुढे सुरतेहून तापीच्या खोऱ्यातून लोहमार्ग आला, तेव्हा रेल्वेची पावती हाती येऊ लागली. आज जिल्ह्यातील बहुतेक माल मालमोटारीने जातो. शहादा-तळोद्याकडील केळी आणि पपई अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्याने निघतात; नवापूर-विसरवाडीकडील माल सुरत-धुळे महामार्गास लागतो. गुजरात आणि मध्य प्रदेश या दोन राज्यांच्या सीमा जिल्ह्यास लागून आहेत, त्यामुळे गाडी थोड्याच वेळात परराज्यात शिरते. ती ठरविणारा दलाल बहुधा दूरध्वनीवर भेटलेला, चालक प्रथमच पाहिलेला, आणि गाडीचा मालक तर कधीच न पाहिलेला असतो. विश्वास जुनाच राहिला. विश्वास ठेवण्याजोगी ओळख मात्र उरली नाही.

वाटेत होणारी लबाडी मुख्यत्वे चार प्रकारची असते. पहिला प्रकार वजनातील तुटीचा. भरताना आणि उतरविताना वेगवेगळ्या काट्यांवर वजन होते, आणि मधली तूट ‘माल सुकला’ या सबबीखाली जाते. ताज्या मालाचे वजन वाटेत घटते हे खरे. पण त्या खऱ्या घटीच्या आड खोटी घटही लपते. दुसरा प्रकार उघड चोरीचा. रात्री ढाब्यावर गाडी उभी असता ताडपत्री फाडून गोण्या काढल्या जातात. तिसरा प्रकार विश्वासघाताचा. चालक अथवा त्याचा साथीदार वाटेत माल विकतो, आणि पुढे गाडी लुटली गेल्याचा बनाव करतो. चौथा प्रकार सर्वांत घातक आहे. गाडीवरील क्रमांक खोटा, चालकाचा परवाना खोटा, दलालाने सांगितलेले नावही खोटे. माल भरून गेलेली गाडी पुन्हा दिसत नाही. या चारही प्रकारांत शेतकऱ्याचे पहिले वाक्य एकच असते: ‘आमच्याकडे लेखी असे काही नाही.’

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. परक्याचा माल वाहून नेणाऱ्यावर कायद्याची नजर फार जुन्या काळापासून कडक आहे. इंग्लंडात सन १७०३ च्या एका प्रसिद्ध खटल्यात मुख्य न्यायाधीश होल्ट यांनी तिचे कारण सांगितले. वाहकाने चोरांशी संगनमत केले, तर मालाच्या धन्यास ते कधीच सिद्ध करता येणार नाही. सबब वाहकाने किती काळजी घेतली याचा शोध करीत न बसता, माल सुखरूप पोचविण्याचे दायित्वच त्याच्यावर टाकावे, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. आपल्या देशात सन १८६५ मध्ये वाहकांविषयीचा कायदा झाला. त्यात नुकसानीचा दावा करणाऱ्याने वाहकाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याची गरज नाही, असे स्पष्ट कलम होते. सार्वजनिक वाहकाचे हे जबर दायित्व हिंदुस्थानातही लागू आहे, असे प्रिव्ही कौन्सिलने सन १८९१ मध्ये ठरविले.

मालाच्या वाटेवरील लबाडीस कायद्याने पायबंद घालण्याचा अनुभव खानदेशास नवा नाही. कापसातील भेसळ रोखण्यासाठी मुंबई इलाख्यात सन १८६३ मध्येच कायदा झाला होता. पुढे सन १९२३ चा कापूस वाहतुकीचा कायदा आला. एका भागातील हलका कापूस दुसऱ्या भागात नेऊन तेथील चांगल्या कापसाच्या नावाने विकला जाऊ नये, म्हणून ठरावीक प्रदेशांत बाहेरील कापूस परवान्यावाचून आणण्यास त्याने मनाई केली. या कायद्यांचा कटाक्ष मालाच्या प्रतीवर होता, खुद्द माल नाहीसा होण्यावर नव्हता. तथापि शेतात जपलेली प्रत वाटेत बिघडते आणि त्याचा तोटा अखेर शेतकऱ्यास बसतो, ही गोष्ट त्या काळीही ओळखली गेली होती.

सन १८६५ चा कायदा जवळजवळ दीडशे वर्षे चालला. त्याच्या जागी रस्त्यावरील मालवाहतुकीचा सन २००७ चा कायदा आला. तो व त्याखालील नियम सन २०११ पासून अमलात आहेत. शेतकऱ्याच्या कामाच्या त्यातील मुख्य गोष्टी येणेप्रमाणे आहेत.

सर्व लोकांचा माल भाड्याने नेणारा तो ‘सार्वजनिक वाहक’ होय. या व्याख्येत केवळ वाहतूक कंपनी नव्हे, तर माल नोंदविणारी पेढी, कंत्राटदार, मुखत्यार आणि दलाल यांचाही समावेश केला आहे. ‘मी फक्त गाडी मिळवून दिली, माझा संबंध नाही,’ हे दलालाचे नेहमीचे उत्तर कायद्यासमोर पुरेसे नाही. अशा प्रत्येक वाहकाने सरकारदरबारी नोंदणी करून घेतली पाहिजे. नोंदणीवाचून हा धंदा करणे हा गुन्हा आहे.

माल देताना दोन कागद होतात. पहिला माल पाठविणाऱ्याने भरून द्यावयाचा. त्यास आपण पाठवणीपत्र म्हणू. त्यात मालाची किंमत नमूद करावी लागते, आणि लिहिलेल्या मजकुराच्या खरेपणाची जबाबदारी पाठविणाऱ्यावर असते. दुसरा कागद वाहकाने द्यावयाचा. तो म्हणजे मालाची पावती. आपले लोक तिला बिल्टी म्हणतात. गाडी भरून होताच, अथवा माल ताब्यात घेताच ती देणे वाहकास बंधनकारक आहे. तिच्या तीन प्रती होतात आणि मूळ प्रत पाठविणाऱ्यास मिळाली पाहिजे. पावतीवर लिहिलेले वजन, माप आणि नगांची संख्या ही प्रथमदर्शनी पुरावा मानली जाते. याचा अर्थ असा की, ‘इतक्या गोण्या भरल्याच नव्हत्या’ असे वाहकास म्हणावयाचे असेल, तर ते त्यानेच सिद्ध केले पाहिजे. पावती नसेल तर हेच ओझे शेतकऱ्याच्या डोक्यावर येते.

वाहकाच्या दायित्वाचे मर्म कलम १७ मध्ये आहे. माल हरवला, नष्ट झाला, बिघडला अथवा पोचलाच नाही, तर वाहक जबाबदार. त्यास अपवाद पाचच: दैवी आपत्ती, युद्ध अथवा देशशत्रूचे कृत्य, दंगल व लोकक्षोभ, कायदेशीर हुकुमाने झालेली जप्ती अथवा अटकाव, आणि सरकारने घातलेली बंदी वा निर्बंध. या प्रसंगांतही योग्य दक्षता घेऊन नुकसान टाळता आले असते, तर वाहक सुटत नाही. वाचकांनी ही यादी पुन्हा एकदा वाचावी. तीत चोरी नाही. ‘गाडीत चोरी झाली, आम्ही काय करणार?’ या उत्तराने पुष्कळ शेतकरी निमूटपणे परत फिरतात. कायद्याने ते उत्तर वाहकाच्या तोंडी दिलेलेच नाही.

येथवर कायदा शेतकऱ्याच्या बाजूचा वाटतो. परंतु त्यात एक अट आहे, आणि ती ठाऊक नसल्यामुळे मोठे नुकसान होते. पाठविणाऱ्याने अधिक जोखमीचा दर देण्याचे स्पष्टपणे कबूल केले नसेल, तर वाहकाचे दायित्व नियमांनी ठरविलेल्या मर्यादेपुरतेच राहते. आणि ही मर्यादा भाड्याच्या दसपट आहे. तीही पाठवणीपत्रात सांगितलेल्या किमतीच्या वर जात नाही.

हिशोबासाठी आकडे धरून पाहू. एका शेतकऱ्याने आपली मिरची स्वतः वाळवून १०० क्विंटल माल दूरच्या पेठेस धाडला. भाव क्विंटलला १५,००० रुपये धरला, तर मालाची किंमत १५ लाख रुपये होते. गाडीचे भाडे २५,००० रुपये ठरले. गाडी नाहीशी झाली. जादा जोखमीचा दर ठरविला नसेल, तर वाहकाकडून मिळण्याची सीमा भाड्याची दसपट, म्हणजे अडीच लाख रुपये. उरलेले साडेबारा लाख शेतकऱ्याचे गेले. भाड्यात हजार-दोन हजारांची घासाघीस करणारा शेतकरी या साडेबारा लाखांविषयी चकार शब्द काढीत नाही, ही आमच्या मते सर्वांत शोचनीय गोष्ट आहे. माल हलका आणि भाडे जास्त असेल, तर दसपटीत नुकसान भरून निघते. माल भारी किमतीचा असेल, तर किंमत लिहून जादा दर देणे अथवा स्वतंत्र विमा उतरविणे, हेच दोन मार्ग राहतात.

विम्याविषयीही एक गैरसमज आहे. गाडीचा विमा आहे, एवढे ऐकून शेतकरी निर्धास्त होतो. गाडीस सक्तीचा असलेला विमा अपघाताने इतरांस होणाऱ्या हानीसाठी असतो. मालाच्या चोरीची भरपाई त्यातून होत नाही. त्यासाठी मालाचा वाहतूक विमा निराळा घ्यावा लागतो. त्याचेही प्रकार आहेत. काहींत आग व वीज एवढेच धोके येतात, काहींत त्यांच्या जोडीस गाडी उलटणे व धडकणे येते, आणि सर्व जोखमीच्या विम्यात चोरीचा अंतर्भाव होतो. ‘यात चोरी येते काय?’ हा प्रश्न विचारून उत्तर लेखी घ्यावे.

पावतीच्या पाठीमागे बारीक अक्षरांत काही अटी छापलेल्या असतात. त्या वाचून शेतकरी खचतो. ‘माल मालकाच्या जोखमीवर’ हे शब्द त्यांत हमखास सापडतात. परंतु तेवढ्याने वाहक आपल्या निष्काळजीपणाच्या जबाबदारीतून मुक्त होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सन २००० मध्ये म्हटले आहे. दुसरी अट अशी की, दावा अमुक एका मोठ्या शहरातील न्यायालयातच लावावा. याविषयी सन १९९१ चा निकाल मननीय आहे. तामिळनाडूतील बोडिनायकनूर येथे वाहतूक कंपनीच्या शाखेत दिल्लीसाठी वेलदोडा नोंदविला गेला आणि तो पुढे आगीत नष्ट झाला. कंपनीचे मुख्य ठाणे मुंबईस. दावा मुंबईतच लावावा असे पावतीवर छापलेले. माल जेथील शाखेत दिला आणि दाव्याचे कारण जेथे घडले तेथील न्यायालयास अधिकार आहे, कायद्याने मुंबईच्या न्यायालयास नसलेला अधिकार छापील अटीने देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. बोडिनायकनूरच्या वेलदोड्यास जे लागू, तेच नंदुरबारच्या शाखेत नोंदविलेल्या मिरचीसही लागू पडेल. म्हणून गाडी ठरविताना वाहकाची शाखा जिल्ह्यात आहे काय, हे पाहण्यात शहाणपण आहे.

आतापर्यंत भरपाईचा विचार झाला. शिक्षेचा मार्ग निराळा आहे. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून अमलात आली. वाहक म्हणून सोपविलेल्या मालाचा विश्वासघाताने अपहार करणाऱ्यास तिच्या कलम ३१६ खाली सात वर्षांपर्यंत कैद व दंड होऊ शकतो. अशीच तरतूद जुन्या दंडसंहितेच्या कलम ४०७ मध्ये होती. नव्या संहितेत मालवाहू वाहनाची अथवा त्यातील मालाची चोरी कलम ३०५ मध्ये स्पष्ट शब्दांत घातली असून, तिलाही सात वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. खोटी कागदपत्रे दाखवून माल नेणारा फसवणुकीच्या कलमात सापडतो, आणि चोरीचा माल जाणूनबुजून घेणारा व्यापारीही गुन्हेगार ठरतो.

चोरी कोठे झाली हेच ठाऊक नसते, मग फिर्याद कोठे द्यावी, हा प्रश्न सीमेवरील आपल्या जिल्ह्यात नेहमी पडतो. नवापूरचे ठाणे व्याऱ्याकडे बोट दाखवी, आणि व्यारा सुरतेकडे, असे होण्याची भीती असते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला, तरी दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, आणि नोंदीची प्रत फिर्यादीस विनामूल्य मिळते. सबब गाडी ठरल्या वेळी पोचली नाही आणि चालकाचा दूरध्वनी बंद झाला, तर आज-उद्या करीत न बसता जवळच्या ठाण्यात जावे. पहिल्या काही तासांत माल सापडण्याचा जो संभव असतो, तो पुढे झपाट्याने कमी होतो.

येथे एक सावधगिरी सांगणे अवश्य आहे. फिर्याद दिली म्हणजे भरपाईचा हक्क शाबूत राहिला, असे नव्हे. वाहकावर दावा लावण्यापूर्वी त्यास नुकसानीची लेखी नोटीस द्यावी लागते, आणि ती माल नोंदविल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत दिली पाहिजे. ही मुदत माल हरवल्याचे कळल्यापासून नव्हे, तर नोंदविल्यापासून मोजली जाते. तपास चालू आहे, चोर सापडेल, मग पाहू, असे म्हणत शेतकरी सहा महिने घालवितो आणि त्याचा दावा उभाच राहत नाही. दाव्याची मुदत तीन वर्षांची असली, तरी नोटिशीवाचून ती निरुपयोगी होय.

आता एक मूळ प्रश्न राहिला. वाटेत माल असताना तो कोणाचा? बांधावर वजन होऊन व्यापाऱ्याने सौदा पक्का केला आणि स्वतःच्या गाडीत माल भरला, तर मालाबरोबर जोखीमही सामान्यतः त्याच्याकडे गेली. पुढे चोरी झाली म्हणून शेतकऱ्याचे पैसे अडविण्याचा त्यास अधिकार नाही. परंतु सौदा झाल्याचा लेखी पुरावा हवा. नाही तर ‘माल विक्रीसाठी घेतला होता, विकत नव्हे,’ असे तो म्हणू शकतो. शेतकऱ्याने स्वतः गाडी करून माल खरेदीदाराकडे धाडला, तर सन १९३० च्या मालविक्री कायद्याप्रमाणे वाहकाच्या हाती दिलेला माल सामान्यतः खरेदीदारास दिल्यासारखा समजतात. मात्र वाहकाशी वाजवी करार करण्याची काळजी विकणाऱ्याने घेतली नसेल, तर खरेदीदार तो माल मिळाल्याचे नाकारू शकतो. माल आडत्याकडे विक्रीसाठी पाठविला असेल, तर तो विकला जाईपर्यंत शेतकऱ्याचाच असतो, आणि वाटेतील जोखीमही त्याचीच.

ताज्या फळांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. परराज्यात जाणाऱ्या पन्नास हजार रुपयांवरील करपात्र मालास वस्तू व सेवा कराचे ई-वे बिल काढावे लागते आणि त्यावर गाडीचा क्रमांक येतो. केळी, पपई यांसारखी ताजी फळे करमुक्त असल्यामुळे त्यांस हे बिल लागत नाही. कर वाचतो हे ठीक. परंतु गाडी, माल आणि मालक यांची एकत्र नोंद करणारा सरकारी कागदही त्यामुळे तयार होत नाही. अशा मालास बिल्टी हाच एकमेव साक्षीदार.

या सर्वांवरून शेतकरी बंधूंनी पाळावयाचे नियम आम्ही थोडक्यात देतो.

(१) गाडी भरण्यापूर्वी तिचे नोंदणीपुस्तक, परवाना आणि चालकाचा परवाना पाहावा; क्रमांक परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर पडताळावा; गाडीचे आणि चालकाचे छायाचित्र घ्यावे. दाराशी उभ्या असलेल्या गाडीचा रंग व बनावट नोंदीशी जुळत नसेल, तर माल भरू नये.

(२) वाहकाचा अथवा दलालाचा नोंदणी क्रमांक विचारावा आणि तो पावतीवर आहे काय, ते पाहावे.

(३) मुद्रांकित काट्यावर रिकाम्या व भरलेल्या गाडीचे वजन करून दोन्ही चिठ्ठ्या जपाव्या.

(४) पाठवणीपत्रात मालाची खरी किंमत लिहावी. कमी किंमत लिहून भाडे वाचविणारा आपल्याच हक्काची मर्यादा खाली आणतो.

(५) पावती हाती आल्याशिवाय गाडी हलू देऊ नये. ‘पावती मागून पाठवितो’ हे वाक्य ऐकताच सावध व्हावे.

(६) माल उतरविताना तूट अथवा नासाडी दिसल्यास तेथेच पावतीवर शेरा लिहवून घ्यावा, आणि त्याच आठवड्यात वाहकास पोचपावतीच्या टपालाने नोटीस धाडावी.

हे नियम एकेकट्या शेतकऱ्यास पाळणे जड जाते, हे आम्ही जाणतो. तोडणीचा दिवस, पिकू लागलेला माल, आणि दारात उभी असलेली एकच गाडी, अशा वेळी कागद मागणाऱ्यास ‘दुसरी गाडी पाहा’ असे ऐकावे लागते. शिवाय कायद्यातही उणिवा आहेत. एखाद्याने सर्वांसाठी धंदा न करता एकाच व्यक्तीशी खाजगी करार करून गाडी दिली, तर तो सार्वजनिक वाहक ठरतोच असे नाही. मग त्याचे दायित्व सन १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, शहाणा माणूस आपल्या वस्तूची घेईल तितक्या काळजीपुरतेच राहते. म्हणूनच हे काम संस्थेचे आहे. गावोगावच्या सोसायट्यांनी विश्वासू वाहकांची वही ठेवावी. पाठवणीपत्राचे छापील कोरे नमुने सभासदांस द्यावे. दहा शेतकऱ्यांचा माल एकत्र करून जोखमीचा दर आणि विमा घाऊक ठरवावा. पावती न देणाऱ्या गाडीस एका शेतकऱ्याने नकार दिला, तर त्याचा माल नासतो; गावाने नकार दिला, तर गाडीवाला पावती फाडतो.

कायदा मागणाऱ्यासच मिळतो. तीनशे वर्षांपूर्वीच्या न्यायाधीशास जी शंका आली, ती आजच्या शेतकऱ्याने आपल्या बांधावर बाळगण्यात कोणाचाही अपमान नाही. सरळ मार्गाने चालणाऱ्या वाहकास पावती देण्याचे भय नसते. उलट तिने त्याची पत वाढते. येत्या हंगामात आमच्या प्रत्येक वाचकाने गाडीचा दोर आवळण्याआधी हात पुढे करून पावती मागावी, एवढीच आमची विनंती आहे.